वाटपाचा पैसा की सुधारणेचा? उपकरणं बनवणाऱ्या कोल्हापुरातल्या संस्थांसाठी

समजा तुमची संस्था करवीर किंवा शिरोळ तालुक्यात काम करते. शेतवाटेवर चालणारी अपंगांची खुर्ची किंवा गुऱ्हाळाच्या चुलवाणाला कमी चिपाड लागावं अशी जाळी तुम्ही उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये बनवून घेतली आहे. पहिला नमुना चालतो. पुढच्या कामाला पैसा हवा आणि समोर तीन वाटा आहेत. पहिली, डिझाइन आणि इंजिनिअरिंगच्या सामाजिक वापरासाठीच काढलेलं परदेशी कंपनीचं फाउंडेशन. दुसरी, देशातल्या मोठ्या कंपनीचं फाउंडेशन. तिसरी, शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतल्या कारखान्याचा सीएसआर, म्हणजे कंपनीने कायद्याने नफ्यातून सामाजिक कामावर करायचा खर्च.

बहुतेक संस्था रकमेवरून ठरवतात. मी एकच प्रश्न आधी विचारते: नमुना मोडला, तर दुसरा बनवायला हा पैसा चालतो का?

हा प्रश्न आम्हाला महागात शिकायला मिळाला. चाळीस खुर्च्या वाटण्यासाठी एका कंपनीने आमच्या संस्थेला पैसे दिले. कार्यक्रम झाला, खुर्च्या घरोघरी पोचल्या. पहिल्याच पावसाळ्यात अकरा खुर्च्यांचा पुढच्या चाकाचा ब्रॅकेट तडकला. उसाच्या ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीत ते लहान चाक आडवं अडकायचं आणि सगळा भार वेल्डिंगच्या एका कोपऱ्यावर यायचा. दुरुस्तीला पैसे मागितले तेव्हा उत्तर आलं की मंजुरी वाटपाची होती. त्यांचं चुकलं नव्हतं, कारण प्रस्तावात आम्हीच फक्त वाटप लिहिलं होतं. अकरा घरी जाऊन खुर्च्या परत आणताना जे ऐकावं लागलं, ते अजून विसरलेले नाही.

परदेशी फाउंडेशन

या प्रकारातलं ठळक नाव ऑटोडेस्क फाउंडेशन. ऑटोकॅड आणि फ्यूजन बनवणाऱ्या कंपनीने ते २०१४ मध्ये सुरू केलं. पैशाबरोबर सॉफ्टवेअर आणि कंपनीतल्या इंजिनिअरांचा वेळ मिळतो, हे त्याचं वेगळेपण. उपकरण मोडतं, बदलतं, पुन्हा बनतं, हे तिथल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी मदत केलेल्या संस्थांपैकी डी-रेव्हचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. नवजात बाळांच्या काविळीवरचा ‘ब्रिलियन्स’ हा प्रकाशोपचाराचा दिवा डी-रेव्हने डिझाइन केला आणि उत्पादनाचा परवाना चेन्नईच्या फिनिक्स मेडिकल सिस्टिम्सला दिला. संस्थेने डिझाइन सांभाळायचं आणि माल कारखान्याने काढायचा, ही विभागणी कोल्हापूरला साजेशी आहे. ओतकाम, मशिनिंग, पॅटर्न बनवणारे कारागीर, सगळं इथे दहा-पंधरा किलोमीटरच्या आत आहे.

अडचण कागदांची आहे. परदेशी देणगीसाठी परकीय योगदान नियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरए, नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. एवढं नसेल तर ठरावीक देणगीदार आणि ठरावीक कामापुरती पूर्वपरवानगी मागता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि आलेली देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी झाली. ही शेवटची अट नीट वाचा. इंजिनिअरिंग कॉलेजच्या ट्रस्टबरोबर निम्मा-निम्मा निधी वाटून काम करायचा बेत असेल, तर तो या पैशात बसत नाही.

सॉफ्टवेअरचा विचार मात्र अनुदानापासून वेगळा करा. ऑटोडेस्कचा टेक्नॉलॉजी इम्पॅक्ट हा उपक्रम डिझाइनचं काम करणाऱ्या सामाजिक संस्थांना सॉफ्टवेअर मोफत देतो. मोठं अनुदान न मागताही त्यासाठी अर्ज करता येतो. सीएला विचारून तो अर्ज आधी करा, कारण ड्रॉइंग संस्थेच्या स्वतःच्या हातात असणं फार मोलाचं आहे. आमचं पहिलं ड्रॉइंग वर्कशॉपमधल्या एका टर्नरच्या वहीत होतं. तो गावी गेला की आमचं काम थांबायचं.

देशातलं मोठं फाउंडेशन

इथे अनुदान आणि पुरस्कार यांत गल्लत होते. इन्फोसिस फाउंडेशन १९९६ पासून आहे. त्यांचे २०१८ मध्ये सुरू झालेले आरोहण पुरस्कार सामाजिक उपयोगाच्या नव्या उपकरणांसाठी आहेत, पण तिथे कल्पना चालत नाही, प्रत्यक्ष चालणारा नमुना दाखवावा लागतो. पुरस्काराची रक्कम आणि नाव दोन्ही मोठं, पण ते मिळेल असं धरून वर्षाचा खर्च आखता येत नाही. नमुना पक्का असेल तर अर्ज जरूर करा, पण पगार त्यावर अवलंबून ठेवू नका.

एक बारकावा बऱ्याच जणांना माहीत नसतो. बहुराष्ट्रीय कंपनीची भारतात नोंदलेली उपकंपनी आपल्या सीएसआरमधून पैसा देत असेल आणि तिच्यातली परदेशी गुंतवणूक फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, मर्यादेत असेल, तर २०१६ च्या दुरुस्तीनुसार ती परदेशी स्रोत ठरत नाही. नाव परदेशी दिसलं म्हणून ते दार सोडू नका.

एमआयडीसीतला सीएसआर

सीएसआर बंधनकारक करणारं कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ लागू होण्यासाठी नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतली कोणतीही एक अट पुरते. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे असतात. म्हणजे सरासरी ५ कोटी नफ्याच्या फाउंड्रीकडे वर्षाला १० लाख रुपये असतात. बंधन ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. आपल्याकडच्या घरच्या कारखान्यांत याचा अर्थ असा की निर्णय घेणारे मालक स्वतः तुमच्यासमोर बसलेले असतात, आणि त्यांना कास्टिंग कळतं.

तुमच्याकडे सीएसआर-१ (सीएसआरचं काम घेण्यासाठीची) नोंदणी, आयकराची १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. तो नसेल तर जुन्या संस्थेचा हात धरून सुरुवात करा.

या पैशाचा दोष मार्चचा आहे. वर्ष संपत आलं की ‘पटकन काहीतरी वाटूया’ असा फोन येतो आणि चाळीस खुर्च्यांची गोष्ट पुन्हा घडते. त्यावर कायद्यातच उपाय आहे. संचालक मंडळाने काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलं, तर ते सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालतं आणि न खर्चलेली रक्कम वेगळ्या बँक खात्यात राहते. प्रस्तावात पहिल्या वर्षी पाच नमुने आणि त्यांची शेतवाटेवर चाचणी, दुसऱ्या वर्षी बदल, तिसऱ्या वर्षी वाटप असं स्पष्ट लिहा. ‘मोडलेल्या नमुन्यांची दुरुस्ती आणि पुनर्रचना’ ही खर्चाची स्वतंत्र ओळ हवीच.

दोन गोष्टी सांभाळा. कारखान्याने फुकट दिलेलं कास्टिंग किंवा इंजिनिअरचा वेळ पैशात मोजून सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. ते प्रेमाने मिळालं तर घ्या, पण हिशेब वेगळा ठेवा. आणि ज्यांचा निधी, त्यांनाच त्यातून कास्टिंगचं बिल देऊ नका. ओतकाम दुसरीकडून करून घ्या.

माझं मत सांगते. एकच नमुना झालेला असेल तर एमआयडीसीत जा, रक्कम कमी मिळाली तरी. वीसेक घरांत वर्षभर चाललेलं उपकरण आणि बिघाडांची तारीखवार नोंद हाताशी असेल, तर पुरस्काराला अर्ज करा आणि एफसीआरएची तयारी सुरू करा. परदेशी फाउंडेशनला पैसा मागायचा तो अनेक जिल्ह्यांत पोचण्यासाठी आणि उत्पादन कारखान्याकडे सोपवण्यासाठी. संस्था पूरग्रस्त भागात तातडीची मदत करणारी असेल तर हा क्रम लागू नाही. तिथे वाटपाचाच पैसा हवा आणि तो लवकर हवा, २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे सांगायला नको.

कारखान्यात जून-जुलैमध्ये जा. मागच्या वर्षाचे आकडे तोवर हाती आलेले असतात आणि मार्चची घाई दूर असते. जाताना कार्यक्रमाच्या फोटोंआधी तडकलेला ब्रॅकेट पिशवीत टाका. आम्ही तो टेबलावर ठेवला तेव्हा मालकांनी उचलून तडा पाहिला, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ताई, इथे गोलाई द्यायला पाहिजे होती. एसजी आयर्नमध्ये ओतून बघूया का?” (एसजी आयर्न म्हणजे सहज न तडकणारं ओतीव लोखंड.) पैशाचं बोलणं त्यानंतर झालं.