रोझा वन: मोठ्या अक्षरांचा गडी

लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे फॉन्ट मी आधी वधूवरांची नावं टाइप करूनच पारखते. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ त्यात पहिल्या फटक्यात पास झाला. यातली इंग्रजी अक्षरं ‘फॅट फेस’ घराण्यातली, म्हणजे १९व्या शतकात इंग्लंडमध्ये जाहिरातींसाठी निघालेल्या जाड्या अक्षरांची. ‘एच’चे दोन्ही खांब पैलवानाच्या मांड्यांसारखे, आणि त्यांना जोडणारी आडवी रेघ जेमतेम केसाएवढी! देवनागरीचा ठसाही तितकाच गडद ठेवलाय. त्यामुळे ‘वैभव वेड्स शलाका’ असला खिचडी मजकूर दोन्ही लिप्यांत लावला तरी एक बाजू फिकी पडत नाही. आपल्याकडे हे फार कमी फॉन्टना जमतं.

युनिकोड (सगळीकडे चालणारी प्रमाणित अक्षरपद्धत) असल्याने गिऱ्हाईकाने व्हॉट्सॲपवर धाडलेला मजकूर थेट चिकटवायचा, कन्व्हर्टरची कटकट नाही. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, धंद्यात वापरायलाही मोकळीक आहे.

पण याला लहान साइझमध्ये कोंबू नका. १२ पॉइंटात बारीक रेघा विरतात, खरबरीत कागदावर तर दिसेनाशाच होतात. वजनही, म्हणजे अक्षरांची जाडी, एकच; हलकं किंवा तिरपं रूप नाही. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ या ओळीला हा लावलात तर मामा ओरडतोय असं वाटेल. नावं रोझात, पत्ता आणि मुहूर्त ‘मुक्ता’ या दुसऱ्या फॉन्टात, ही माझी ठरलेली जोडी. सोनेरी फॉइल करायचं असेल तर नावं ३६ पॉइंटाच्या खाली आणू नका.