घरून कामावर प्रबंध: प्रश्नावली की मुलाखती?

वर्क फ्रॉम होमवर प्रबंध करायचा म्हटलं की गाईडचा पहिला सवाल ठरलेला: प्रश्नावली की मुलाखती? मी आधी एक केलं, मग दुसरं, म्हणून हे चार शब्द.

प्रश्नावलीची बाजू लंगडी नाही. गूगल फॉर्म व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सोडला की आठवड्यात दीडशे उत्तरं पदरात पडतात, आणि व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ‘नमुना किती?’ या प्रश्नाला घाम फुटत नाही. शिवाय आकड्यांची बेरीज होते. गजेंद्रन आणि हॅरिसन या संशोधकांनी २००७ मध्ये घरून कामावरच्या ४६ अभ्यासांतल्या १२,८८३ नोकरदारांची माहिती एकत्र मांडली. मुलाखतींचं असं करायला गेलात तर हात टेकाल.

माझं घोडं अडलं सातव्या प्रश्नावर. ‘घरी कामासाठी स्वतंत्र जागा आहे का?’ जवळपास सगळ्यांचं ‘होय’. पुढे त्यांच्यातल्याच काहींशी व्हिडिओ कॉलवर बोललो. एका ताईंची स्वतंत्र जागा म्हणजे शिलाई मशीनचं झाकण, तेही सासूबाई झोपून उठेपर्यंत. एक जण सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून मीटिंगा करायचा. त्याचंही ‘होय’च. खोटं कुणी बोललं नव्हतं, प्रश्नच बावळट होता. आणि इमारतच नसलेल्या कंपनीवर तुमचा प्रबंध असेल, तर तिचं ऑफिस म्हणजे हीच झाकणं नि गाड्या!

मुद्दा किरकोळ नाही. अर्थतज्ज्ञ ब्लूम आणि सहकाऱ्यांचा सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या शांघाय कॉल सेंटरमधला प्रयोग सगळेच उद्धृत करतात: नऊ महिने घरून काम, कामगिरी १३ टक्क्यांनी वर. पण त्यात घ्यायचं तर घरी वेगळी खोली हवी, अशी अट होती. ती मात्र माझ्या पाहण्यातल्या प्रबंधांत क्वचितच येते. पुढे घर की ऑफिस ही निवड बदलायची मुभा मिळाल्यावर निम्म्याहून अधिकांनी ती बदलली, हेही. उलट चेन्नईत डेटा एंट्रीवाल्यांना घर की ऑफिस हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून दिलं, तेव्हा घरून काम करणाऱ्यांचं काम १८ टक्क्यांनी कमी भरलं. कारणं अनेक असतील. माझी नजर आता आधी खोलीकडे जाते, एवढंच.

मुलाखतींचा जाच वेगळा. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला माझे पाच-सहा तास जायचे, वर मराठी-हिंदी-इंग्रजीची मिसळ. बारा मुलाखतींत अख्खी दिवाळी गेली. त्यावर ‘बारा जणांवरून काय सांगणार?’ हे ऐकून घ्यायचं ते निराळंच.

हाताशी सहाच महिने असतील आणि गाईडना तक्ते लागत असतील, तर खुशाल प्रश्नावली घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त फॉर्म सोडण्याआधी पाच-सहा जणांना कॅमेरा जरा घरात फिरवायची विनंती करा. मी पुन्हा बसलो तर बहुधा मुलाखतींनीच सुरुवात करीन. आणि सातवा प्रश्न असा विचारीन: काल दुपारी चार वाजता तुम्ही नेमके कुठे बसला होता?