आफ्टरबर्नरने लॅपटॉप जळतो का? दोन उन्हाळे काढून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी एक गैरसमज काढून टाकतो, जो माझाही होता. एमएसआय आफ्टरबर्नर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा वेग वाढवायचं (ओव्हरक्लॉक करायचं) सॉफ्टवेअर, वापरायला लॅपटॉप एमएसआय कंपनीचाच लागतो असं काही नाही, माझा दुसऱ्याच कंपनीचा आहे आणि मस्त चालतंय, वर फुकट. सोबत रिव्हाट्यूनर येतं, ज्याने गेम चालू असताना कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते), टेंपरेचर, वॉट सगळं दिसतं. खरं सांगायचं तर ओव्हरक्लॉक नाही केलं तरी नुसतं तेवढ्यासाठी टाकून ठेवावं असं आहे.

माझं ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६०, लॅपटॉपवालं, ८५ वॉटचं. हा वॉटचा आकडा आधी बघा, कारण घेताना कोणी सांगत नाही. नाव तेच ३०६०, पण लॅपटॉपमध्ये हे कार्ड ६० वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठल्याही रूपात येतं, आणि डेस्कटॉपवालं तर १७० वॉट खातं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की तुमचा आकडा कळतो. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिटचा स्लायडर दिसतो खरा, पण लॅपटॉपवर बहुतेक वेळा तो लॉकच असतो, व्होल्टेजचाही तसाच. मी पहिल्या दिवशी तो ओढून ओढून दमलो. यूट्यूबवर काही लोक बायोस फ्लॅश करून, म्हणजे कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर बदलून, वॉट वाढवून दाखवतात, त्या नादी लागू नका, लॅपटॉपचे फॅन आणि चार्जर तेवढ्यासाठी बनवलेलेच नसतात.

मग वॉट वाढत नाही तर ओव्हरक्लॉक होतं कसं? हे समजायला मला बराच वेळ लागला. कोअर क्लॉकला, म्हणजे चिपच्या वेगाला, प्लस १०० केलं म्हणजे कार्डाला जास्त करंट पाजला असं नाही होत, तर ज्या व्होल्टेजला कार्ड आधी समजा १५०० मेगाहर्ट्झवर पळत होतं त्याच व्होल्टेजला आता १६०० वर पळायला सांगितलं. म्हणजे वॉट तेवढेच, काम थोडं जास्त. म्हणूनच जळण्याची भीती फारशी नाही, जे होईल ते क्रॅश होईल.

आणि झालंच. प्लस ५०, मग १००, मग १५० असं करत गेलो, प्रत्येक वेळी टाइम स्पाय हा बेंचमार्क (कार्डाची ताकद मोजणारी चाचणी) चालवला, सगळं पास. हाव सुटली, २०० केलं, तेही पास. मग सायबरपंक लावला आणि चाळीस मिनिटांनी स्क्रीन काळी, गेम बंद, ड्रायव्हर रिसेट. बेंचमार्क पाच मिनिटांचा आणि गेम दोन तासांचा, हा फरक तेव्हा कळला. परत १५० वर आलो, तेव्हापासून शांतता आहे. मेमरीचं वेगळंच, तिथे प्लस ५०० ला स्कोअर वाढला आणि ८०० ला क्रॅश न होता उलट कमी झाला, त्यामुळे चालतंय म्हणून वाढवत जाऊ नका, प्रत्येक वेळी स्कोअर बघा.

एवढं करून मिळालं काय, तर सायबरपंकमध्ये सरासरी ५८ चे ६२ एफपीएस. बस. व्हॅलोरंटमध्ये शून्य फरक, कारण तो गेम प्रोसेसरवर अडकतो.

पण थांबा, खरा माल पुढे आहे. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की एक ग्राफ उघडतो, व्होल्टेज आणि क्लॉकचा. मी नागपूरचा, मे महिन्यात बाहेर ४५ आणि खोलीत कूलर घुमतोय तरी लॅपटॉपचे फॅन असे बोंबलायचे की बाबा आतून विचारायचे मिक्सर कोणी लावलाय. जीपीयू, म्हणजे कार्डाची चिप, ८५ डिग्रीच्या पुढे, मग थ्रॉटल (तापल्यावर कार्ड स्वतःच वेग कमी करतं), मग गेम अडकत अडकत. त्या ग्राफमध्ये ७२५ मिलिव्होल्टचा ठिपका उचलून १६०० मेगाहर्ट्झवर ठेवला आणि त्याच्या उजवीकडचे सगळे सपाट केले. झालं, तेच कार्ड ७५ वॉटच्या आसपास खायला लागलं, टेंपरेचर ७७-७८, आणि एफपीएस मूळ सेटिंगएवढेच. लॅपटॉपमध्ये थंडावा हीच खरी पॉवर आहे, त्यामुळे ओव्हरक्लॉकपेक्षा मी हे आधी करायला सांगीन. त्याच्याही आधी फॅनमधली धूळ काढा, माझ्यात गादीच निघाली होती.

गंमत म्हणजे २०१५ च्या सुरुवातीच्या सुमारास एनव्हिडियाने ड्रायव्हरमधून लॅपटॉपचं ओव्हरक्लॉकिंगच बंद केलं होतं, गेमर लोकांनी इतका आरडाओरडा केला की परत द्यावं लागलं. नाहीतर आज हा रिव्ह्यूच नसता.

दोन गोष्टी नीट पाळा. विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लागू करायची खूण लगेच करू नका, आठवडाभर गेम खेळून बघा मगच, नाहीतर चुकीचं सेटिंग प्रत्येक वेळी चालू करताच लागेल आणि सेफ मोडमध्ये जाऊन काढत बसाल. दुसरं म्हणजे डाउनलोड एमएसआयच्या साइटवरूनच करा, नकली साइटवर व्हायरसवालं आफ्टरबर्नर फिरतं, २०२१ मध्ये खुद्द एमएसआयनेच तसा इशारा दिला होता. वॉरंटी चालू असेल तर तिचा कागद एकदा वाचून घ्या.

दिसायला सुरुवातीला विमानाचं कॉकपिट वाटतं, त्याचा अर्धा स्टार कापला, साडेचार देतो. प्रोफाइलचे पाच खण आहेत, माझ्याकडे दोनच भरलेत, १ नंबर डिसेंबरचा आणि २ नंबर मे महिन्याचा. सध्या २ चालू आहे.