आमिष कमरेला बांधू की डब्यात ठेवू?

भाचा नुकताच गळाच्या नादी लागलाय. परवा विचारत होता, "मामा, तो कमरेचा पाऊच घेऊ, की तुझ्यासारखा श्रीखंडाचा डबाच बरा?" दोन्ही वापरून झालंय, म्हणून त्याला सांगितलं तेच इथे लिहितो. आधी एवढंच बघ, तू पाण्यात टाकणार काय आहेस?

पाऊच ही कार्प मासा धरणाऱ्या विलायती लोकांची सोय. तिकडे बॉयली वापरतात, म्हणजे अंडं घालून मळलेल्या पिठाच्या उकडलेल्या, टणक गोळ्या. साधारण १५ ते २० मिलिमीटरच्या. त्या एकदम ओतायच्या नसतात. गलोलीने तीन-चार मारायच्या, थोड्या वेळाने पुन्हा तीन-चार. मासा पोटभर जेवून निघून जात नाही, तिथेच घुटमळतो. इथे पाऊचची खरी गंमत कळते. एका हातात गलोल, दुसरा हात न बघता कमरेला जातो आणि नजर पाण्यावरच राहते. डबा असेल तर दर खेपेला वाका, झाकण काढा, पुन्हा लावा. तासाभरात कंटाळा येतो आणि मग माणूस उरलेला माल एकदमच फेकून मोकळा होतो. मी तरी होतो.

पण आपलं आमिष वेगळं. आपल्या माशांपैकी कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. मृगळासाठी शेंगदाण्याची पेंड, सत्तू, कणीक असं कालवून संत्र्याएवढे गोळे करायचे. त्याला पाणी हवं, दोन्ही हात हवेत, पसरट भांडं हवं. पाऊचमध्ये पेंड कालवणं म्हणजे खिशात भाकरी थापण्यासारखं. पेंड शिवणीत शिरते आणि मुंबईच्या दमटपणात दुसऱ्या दिवशी आंबते. इथे डबाच.

भिजवून उकडलेले हरभरे मात्र पाऊचला छान. तळाशी जाळी असलेला घे, पाणी निथळतं. फक्त ठासून भरू नकोस. किलोभर सुके हरभरे भिजले की दोन किलोच्या आसपास जातात आणि ते सगळं वजन एका बाजूला लोंबतं. अर्धा किलो पुरे.

आता बसण्याचं. पवई तलावाला आपण खुर्ची टाकून बसणारे. बसलं की पाऊच मांडीवर चढतो, तोंड वाकडं होतं, चणे मातीत. मासा लागल्यावर जाळी घेऊन वाकताना तर तो हमखास मध्ये येतो. उभ्याने किंवा धरणाच्या काठाने जागा बदलत फिरणार असशील तरच तो सुखाचा. परदेशी फोटोंत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिलेले लोक दिसतात. तो नाद पवईला करू नकोस, तिथे मगरी आहेत. आणि गळ टाकण्याची परवानगी आधी काढ.

पावसात झाकणाचा डबा जिंकतो, यात वाद नाही. कांजुरमार्गहून गर्दीच्या लोकलने परतताना तर नक्कीच. पेंडीचा वास लागलेला पाऊच कमरेला बांधून डब्यात शिरून बघ, बसायला जागा मिळेल, पण लोकांच्या नजरा सोसाव्या लागतील.

पैसे घालण्याआधी नागदेवी स्ट्रीटवरून सुतारांची खिळे ठेवायची कापडी पिशवी आण, आत प्लॅस्टिकची पिशवी बसव आणि दोन रविवार वापर. हात सारखा तिकडे गेला तर खरा पाऊच घे. गेला नाही, तर पिशवीत शिसाची वजनं आणि सुटे गळ ठेव. दोन्हींत एक पथ्य सारखंच: डासांचं मलम लावलेला हात आमिषात घालायचा नाही.

माझं म्हणशील तर खुर्चीखाली पेंडीचा डबा असतो. पाऊच दिवसभर फांदीला अडकवलेला, त्यात मूठ-दोन मूठ हरभरे. गलोल हातात घेतली की तेवढ्यापुरता कमरेला बांधतो. घरी आल्यावर उलटा करून साध्या पाण्याने धुवायचा आणि खिडकीच्या ग्रिलला टांगायचा. ताईच्या वॉशिंग मशीनमध्ये टाकू नकोस. तो प्रयोग आमच्या घरी एकदा झालाय आणि त्यानंतर आठवडाभर माझ्या ऑफिसच्या शर्टांना पेंडीचा वास येत होता.