मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती: पॉलिमर मॉर्टर की जॅकेटिंग?
२०१८ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या, आर्ट डेको या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या बांधकामशैलीतल्या या इमारतींचं दुखणं जुनंच: खाऱ्या हवेतले क्लोराइड आत झिरपतात, सळया गंजून फुगतात आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात.

पॉलिमर मॉर्टरने, म्हणजे पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याने, खराब झालेला तेवढाच भाग भरला, तर बाल्कनीची गोलाई आणि खिडक्यांवरचे भुवयांसारखे छज्जे जसेच्या तसे राहतात. खोट अशी, की शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये क्लोराइड उरले तर ठिगळाच्या कडेलाच सळई नव्याने गंजू लागते. म्हणून सळईच्या मागपर्यंत तोडायलाच हवं. वरवर लिंपणं म्हणजे निव्वळ मलमपट्टी (आणि कंत्राटदाराला तीच आवडते).

जॅकेटिंगने, म्हणजे खांबाभोवती सळया आणि काँक्रीटचा नवा थर चढवून, खांबाची ताकद वाढते, पण खांब जाडजूड होतो. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये चालेल. दर्शनी बाजूला मात्र खांबाला भार खरोखरच पेलवेनासा झाला असेल, तरच.