बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट : सहा महिने वापरल्यावर

दिवाळीला साताऱ्याला गेलो तेव्हा बाबांच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली, आता सहा महिने होत आले, म्हणून लिहितोय. पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या रिव्ह्यूला काही अर्थ नसतो, नवीन असताना सगळंच छान चालतं.

आधी हे करायची वेळ का आली ते सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. बाबांचं मशीन २०१६ चं, सहाव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, स्क्रीन, कीबोर्ड, बिजागऱ्या सगळं ठणठणीत. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचाच प्रोसेसर लागतो, म्हणजे हे यादीतच बसत नाही. ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सिक्युरिटी अपडेट घ्यायची सोय आहे, पण ते म्हणजे दुखणं वर्षभर पुढे ढकलणं. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे, जुन्या व्हर्जनचा सपोर्ट बंद करतोय असे मेल मीही कस्टमरना पाठवलेत, जुनं सांभाळायला किती माणसं अडकून पडतात ते मला माहितीये, आणि टीपीएममागचं सुरक्षेचं कारणही मला पटतं. तरीपण चालतं मशीन केवळ तारीख आली म्हणून भंगारात द्यायचं हे मला अजिबात मान्य नाही. आणि बाबा बँकेचं, पेन्शनचं सगळं त्यावरच बघतात, त्यामुळे अपडेट नसलेलं विंडोज तसंच ठेवणं हाही पर्याय नव्हता.

मिंट २००६ पासून आहे, उबंटू या दुसऱ्या लिनक्सच्या एलटीएसवर, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या आवृत्तीवर, बांधलेलं, फुकट. मी २२.२ घेतलं, सिनॅमन एडिशन, म्हणजे सिनॅमन नावाचा डेस्कटॉप असलेलं. २२ च्या सगळ्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, म्हणजे तोपर्यंत मला याला हात लावायला नको. आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, तीन जीबीच्या आसपास आहे, ती पेनड्राइव्हवर चढवून आधी नुसतं लाइव्ह चालवून बघता येतं, डिस्कवर काही न लिहिता. हे मात्र कुणीही चुकवू नका. वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ सगळं तिथेच तपासून घ्यायचं, मगच इन्स्टॉल करायचं.

खर्च एकच केला, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्याहून बरीच वेगवान डिस्क, बसवली. मागचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे होते, म्हणून पेपरवर लॅपटॉपचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी ठेवत गेलो, बाबा शेजारी बसून मोजत होते. आणि खरं सांगायचं तर वेगात जो फरक पडला त्यातला अर्धा तरी एसएसडीचाच आहे, सगळं श्रेय मिंटला देणं बरोबर होणार नाही. पण बूट झाल्यावर रॅम दीड जीबीच्या आतच भरलेली असते, ते मात्र मिंटचं.

डाव्या कोपऱ्यात खाली मेनू, उजवीकडे घड्याळ, त्यामुळे बाबांना शिकवायला फार काही लागलंच नाही. अपडेट आलं की खाली ढालीचं चिन्ह दिसतं, ते स्वतःच दाबतात, आणि काम चालू असताना मशीन मधेच रिस्टार्ट होत नाही. टाइमशिफ्ट नावाचं टूल लावून ठेवलंय, आठवड्याला सिस्टिमचा स्नॅपशॉट निघतो, काही बिघडलं तर मागे जाता येतं. हो, त्यात आपले फोटो-फाइली नसतात, त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.

मला खरी धाकधूक मराठीची होती. बाबा नोकरीत असल्यापासून इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर टाइप करतात, फोनेटिक (इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहिणं) त्यांना जमत नाही आणि शिकायचंही नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचं लेआउट टाकलं आणि म्हटलं, आता बघा. त्यांनी आधी ‘साताऱ्याला’ टाइप केलं, शिफ्ट-जे, डी, य, आणि तो ऱ्य जसा हवा तसा उमटल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "हे आपलं जुनंच आहे ना रे?" तिथे माझं अर्धं काम झालं!

आता अडचणी. बाबांची २००४-०५ ची पत्रं श्री-लिपी या जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये आहेत, ती युनिकोड (आता सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नाहीत, त्यामुळे उघडली की नुसती अगम्य अक्षरं. शेवटी एका नातेवाइकांच्या विंडोज मशीनवर एकेक फाइल कन्व्हर्ट करून आणली, दोन रविवार गेले. वर्डच्या फाइली मिंटमधल्या लिबरऑफिसमध्ये उघडतात, पण फॉन्ट नसेल तर तक्ते सरकतात, म्हणून कुणाला पाठवायचं तर पीडीएफच करतो. प्रिंटरने फार छळलं, प्रिंट पहिल्या दिवशी निघाली पण स्कॅनर चालायला माझी अख्खी संध्याकाळ गेली, आणि माझ्यासारखं कुणी घरात नसतं तर तो तसाच राहिला असता. ज्यांचं रोजचं काम टॅलीवर किंवा डिजिटल सिग्नेचरच्या डोंगलवर आहे त्यांनी सरळ विंडोजचं नवीन मशीन घ्यावं, उगाच त्रास करून घेऊ नये. पण ब्राउझर, मेल, व्हिडिओ कॉल, चार पत्रं एवढंच असेल तर डोळे झाकून टाका. मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा स्कॅनरचा कापला.

परवा बाबांच्या कट्ट्यावरचे एक काका पिशवीत लॅपटॉप घेऊनच घरी आले, याचंही करून दे म्हणाले. चौथ्या जनरेशनचा आहे, ४ जीबी रॅम, त्याला सिनॅमन नको, मिंटचंच हलकं एक्सएफसीई एडिशन टाकेन. पण आधी त्यांना सांगितलंय, येताना प्रिंटरही घेऊन या.