फिशटँकच्या दोन ट्यूबपायी गेलेले २१,३४८ रुपये

चतुर्थीला नऊ दिवस उरले असताना आमच्या दिवाणखान्यातील फिशटँकच्या झाकणातल्या दोन्ही ट्यूब बंद पडल्या, आणि त्या बदलण्याच्या खटाटोपात, मोबाइलवर शोधलेल्या खोट्या नंबरवरच्या भामट्याने तीन दिवसांत माझ्या खात्यातून २१,३४८ रुपये उकळले. मी गेली २२ वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याचे काम करतो. त्यामुळे हे लिहिताना मला मनापासून लाज वाटते. चार दिवस तर मी सख्ख्या भावालाही काही सांगितले नव्हते. पण आमच्याच वाड्यावरच्या एका शिक्षकांनी मिक्सरच्या भांड्यासाठी असाच नंबर शोधून पैसे गमावल्याचे कानावर आले, तेव्हा गप्प राहणे बरे नव्हे असे ठरवले.

आमची टाकी दोन फूट लांबीची, परदेशी बनावटीची, झाकणासकट तयार मिळालेली आहे. तिच्या झाकणात टी-फाइव्ह जातीच्या, म्हणजे १६ मिलिमीटर जाडीच्या, २४ वॅटच्या दोन ट्यूब बसतात. बाजारात नेहमी मिळणारी २४ वॅटची टी-फाइव्ह ५४९ मिलिमीटर लांब असते, आमच्या झाकणातली मात्र ४३८ मिलिमीटरची. पावसाळाभर पाण्याची वाफ झाकणाखाली कोंडून राहते. मी होल्डर उघडले तेव्हा पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता आणि एका ट्यूबचे टोक काळे पडले होते. गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजारातील दोन दुकानांत विचारले, त्यांच्याकडे ही लांबी नव्हती. आमच्या नेहमीच्या वायरमनकडे माटोळीच्या (गणपतीच्या वर बांधतात त्या फळाफुलांच्या चौकटीच्या) आणि मखराच्या रोषणाईची कामे इतकी होती की, चतुर्थी झाल्यावरच येतो, असे त्याने स्पष्ट सांगितले. घरात अकरा पाहुणे यायचे होते, मुलीने दोन वर्षे वाढवलेल्या वनस्पती अंधारात होत्या. मी घाई केली ती या परिस्थितीत, हे वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

रात्री साडेनऊला मोबाइलवर ट्यूबच्या कंपनीचे नाव टाकून शोधले. सर्वांत वर ‘अधिकृत सुटे भाग’ असे लिहिलेली जाहिरात आणि तिच्यात एक मोबाइल क्रमांक होता. त्यावर संदेश पाठवताच कंपनीचे बोधचिन्ह, जीएसटी क्रमांक आणि वीस-बावीस छायाचित्रांची यादी आली. पाच मिनिटांनी एका माणसाचा फोन आला. तो शुद्ध हिंदीत, अत्यंत नम्रपणे, प्रत्येक वाक्याला ‘सर’ लावून बोलत होता.

आता जे सांगतो ते मला आजही झोपू देत नाही. मी त्याला विचारले की, ट्यूबची लांबी नेमकी किती हवी, मी पट्टी घेऊन बसलो आहे. त्यावर तो म्हणाला, “मोजायची गरज नाही सर, आमचा माल सगळ्या टाक्यांना बसतो.” माझ्या मांडीवर जुनी ट्यूब होती, हातात स्टीलची पट्टी होती, आणि समोरच्या कागदावर मी स्वतःच्या हाताने ४३८ हा आकडा लिहिला होता. ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या पिना ठरलेल्या अंतरावरच्या होल्डरमध्ये जाव्या लागतात. ती दहा मिलिमीटर कमी-जास्त झाली तरी बसत नाही, हे त्याच दिवशी दोन दुकानदारांनी मला सांगितले होते. जो माणूस ट्यूब विकतो आणि लांबी विचारत नाही, तो ट्यूब विकतच नाही. हे मला त्या क्षणी कळायला हवे होते. उलट मला हायसे वाटले, कारण दिवसभरात प्रथमच कोणीतरी ‘मिळेल’ असे म्हणाले होते.

दुसरी खूणही तेव्हाच मिळाली होती. उजेड नसेल तर दोन दिवसांत मासे मरतील, असे तो म्हणाला. हे साफ खोटे आहे. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड असला तर मासे झाकणातल्या दिव्याविना आठवडाभर सहज राहतात, आणि वनस्पतीही चार दिवसांत मरत नाहीत. मासे पाळणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते, मलाही होते. तुमच्या वस्तूविषयी तुम्हाला जे पक्के माहीत आहे त्याच्या उलट जो बोलतो, त्याचा फोन तिथेच बंद करावा.

दोन ट्यूब प्रत्येकी १,१५० प्रमाणे २,३००, इलेक्ट्रॉनिक चोक ४५० आणि घरपोच १००, असे २,८५० रुपये मी यूपीआयने भरले. पैसे कंपनीच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या नावावर गेले. विचारले तेव्हा ‘हिशेबनीसाचे खाते आहे’ असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले. दुसऱ्या दिवशी काचेची नाजूक वस्तू म्हणून ३,४९९ रुपयांची, माल पोचताच परत मिळणारी अनामत मागितली. तीही भरली. तिसऱ्या दिवशी तोच माणूस म्हणाला की, अनामत आणि विलंबाची भरपाई मिळून १४,९९९ रुपये आमच्याकडून तुम्हाला येतील, तेवढा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका. मी पिन टाकला आणि १४,९९९ रुपये खात्यात येण्याऐवजी खात्यातून गेले. ‘चुकून उलटे झाले, पुन्हा टाका, दोन्ही परत येतील’ असे तो म्हणत असतानाच बँकेचा संदेश पाहून पत्नीने माझ्या हातातून फोन काढून घेतला. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी आणि शिल्लक पाहण्यासाठी असतो, घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. हे वाक्य मी स्वतः कार्यालयातल्या मुलांना सांगत आलो आहे.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे, तो ताबडतोब फिरवावा. मी मात्र त्या माणसाला समजावण्यात आणि धमकावण्यात पाऊण तास घालवला. तेवढ्या वेळात रक्कम पुढच्या खात्यांत फिरवली जाते. तक्रार नोंदवून क्रमांक मिळाला, आणि तिथून पुढे जे सुरू झाले त्याने पैसे जाण्याइतकाच मनस्ताप दिला.

बँकेच्या शाखेत गेलो तर टोल-फ्री क्रमांकावर बोला म्हणाले, आणि टोल-फ्रीवरच्या मुलीने शाखेत लेखी द्या असे सांगितले. शाखेने अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र नकार दिला. पोचेसाठी मी चाळीस मिनिटे काउंटरपाशी उभा राहिलो तेव्हा कुठे शिक्का मिळाला. व्यवस्थापकांनी चारचौघांत मोठ्या आवाजात विचारले, “पिन तुम्हीच टाकलात ना? मग बँक काय करणार?” रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाच्या चुकीने झालेले नुकसान तो बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे, आणि कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे, असे स्पष्ट आहे. म्हणूनच कळवल्याची वेळ महत्त्वाची आणि म्हणूनच पोच महत्त्वाची. ती घेतल्याशिवाय शाखेतून हलू नका. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मी गेलो आहे.

पोलीस ठाण्यातला अनुभव याहून कडू आहे. पहिल्या ठाण्यात, हे सायबरचे काम, इथे होत नाही, असे उत्तर मिळाले. अर्धा दिवस रजा काढून दुसरीकडे गेलो, तर तिथे संदेशांच्या रंगीत प्रती आणि बँकेचा शिक्का असलेले खातेपत्रक मागितले. ते घेऊन पुन्हा गेलो तर संबंधित अधिकारी बंदोबस्ताला होते. तिसऱ्या खेपेला एका कर्मचाऱ्याने कागद चाळून विचारले, “एकवीस हजारच ना?” एकवीस हजार म्हणजे माझ्या मुलीची वर्षाची शिकवणीची फी आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घेतली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड नेमक्या अशाच तोतयेगिरीसाठी आहे. त्या कायद्याखालील तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, तेव्हा त्यांनाच भेटू द्या, असे मी म्हणालो. त्यावर, साहेब कधी येतील ते सांगता येत नाही, एवढेच ऐकायला मिळाले. सामान्य माणसाने कलमे पाठ करून ठाण्यात जावे आणि तरीही बाकावर बसून राहावे, ही कुठली रीत?

ट्यूबचे काम शेवटी म्हापशात झाले. शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी एका जुन्या दुकानात जळकी ट्यूब घेऊन गेलो. दुकानदाराने बोलण्याआधी ती हातात घेतली, पिना सोडून नुसती काच मोजली, मग पिनांसकट मोजली, आणि ही लांबी आपल्याकडे येत नाही, असे सरळ सांगितले. त्याऐवजी त्याने झाकणातला चोक काढून टाकायला सांगितला आणि आयपी-६८ दर्जाची, म्हणजे पाण्यात बुडाली तरी टिकणारी, ६,५०० केल्विनची (दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाची) एलईडी पट्टी १,३५० रुपयांना, छापील बिलासह दिली. आयपी-६५ म्हणून मिळणारी पट्टी शिंतोडे सोसते, पाण्यात पडली तर टिकत नाही, हे त्याने न विचारता सांगितले. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मगच वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत जाणार नाही, हेही त्यानेच सांगितले. चुकीचा दिवा घेऊन पैसे जातात ते वेगळे, पण पाण्यावर टांगलेल्या विजेच्या वस्तूत शंकास्पद माल बसवणे म्हणजे घरातल्यांच्या जिवाशी खेळ आहे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर आधी तो बसवून घ्या.

पुढच्या फसव्या जाहिरातीतही असाच कोणता तरी सुटा भाग असेल. कंपनीचा नंबर शोधयंत्रात नव्हे, खोक्यावर किंवा माहितीपत्रकावर पाहा. व्यक्तीच्या नावावर पैसे मागितले की थांबा. बिलाआधी अनामत मागितली तर भरू नका, आणि पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० फिरवा.

माझ्या २१,३४८ रुपयांपैकी ३,४९९ रुपये कुठल्याशा खात्यात गोठवून ठेवल्याचे तक्रारीच्या नोंदीत दिसते. ते सोडवून घेण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागेल असे मला तोंडी सांगण्यात आले आहे. लेखी मागितले तर येत्या मंगळवारी सर्व प्रती घेऊन पुन्हा या, असे उत्तर आले. रजेचा अर्ज मी देऊन ठेवला आहे.